गच्चीवरचे फ्लडलाइट आणि जिन्याखाली सापडलेला नवरंग: सोसायटीच्या दिव्यांचं काय करावं?

गोदाकाठ | ९ जून, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही नाशिकला गंगापूर रोडवर, सोमेश्वरच्या अलीकडे राहतो. अकरा मजली इमारत, मागे जुनी आंब्याची आणि करंजाची झाडं, त्यापलीकडे नदी. एप्रिलमध्ये सोसायटीने गच्चीवर दोनशे वॉटचे चार फ्लडलाइट बसवले. दोन इमारतीच्या नावावर खालून वर मारलेले, दोन मागच्या झाडांकडे. संध्याकाळी सातला लागतात, सकाळी सहाला बंद होतात.

परवा पहाटे वॉचमनदादांनी बेल वाजवली. "ताई, पोपटाचं पिल्लू पडलंय जिन्याखाली, बघता का?" खाली जाऊन बघते तर नवरंग! हिरवी पाठ, डोळ्यावरून काळा पट्टा, पोटाखाली लालभडक, शेपूट अगदी आखूड. डोळे अर्धवट मिटून बसला होता. आदल्या रात्री आभाळ गच्च भरलं होतं. बुटांच्या खोक्याला भोकं पाडली, आत सुती फडकं घातलं आणि अंधाऱ्या खोलीत ठेवलं. पाणी तोंडात ओतलं नाही. दुपारी खोक्यात टपटप उड्यांचा आवाज यायला लागला. संध्याकाळी झाडांखाली खोकं उघडलं तेव्हा पाचोळ्यात उतरला, दोनदा शेपूट हलवली आणि झुडपात शिरला. मला रडू आलं, खरंच सांगते.

झाडलोट करणाऱ्या मावशींना विचारलं तर म्हणाल्या, "दिवे लागल्यापासून रोज सुपलीभर किड्यांचे पंख निघतात."

रविवारी सोसायटीची मीटिंग आहे. "दिवे काढा" म्हटलं तर कुणी ऐकणार नाही, आणि मलाही पूर्ण अंधार नकोच आहे. मग नेमकं काय मागावं? अनुभव असतील तर सांगा.

रातवा | ९ जून, रात्री १०:४०

आधी शाबासकी. खोकं, अंधार, शांतता आणि तोंडात पाणी न घालणं, चारही गोष्टी बरोबर. पुन्हा असं झालं आणि पक्षी जखमी असेल तर वन विभागाच्या हॅलो फॉरेस्टला फोन करा, १९२६.

आता नवरंगाबद्दल. हिवाळा तो दक्षिण भारतात आणि श्रीलंकेत काढतो. पावसाच्या तोंडावर वर सरकतो आणि आपल्याकडच्या, मध्य भारतातल्या जंगलांत घरटं करतो. तमिळमध्ये त्याला 'आरुमणि कुरुवी' म्हणतात, म्हणजे सहा वाजताचा पक्षी, कारण सकाळ-संध्याकाळ त्या सुमाराला हाक देतो. प्रवास मात्र रात्री. एरवी जमिनीवर पाचोळा उकरणारा हा पक्षी स्थलांतरात शहरावरून उडतो. म्हणून मे-जूनमध्ये दमलेले नवरंग बाल्कनीत, न्हाणीघरात, ऑफिसच्या पायऱ्यांवर सापडतात.

रात्री उडणारे पक्षी तारे आणि पृथ्वीचं चुंबकत्व यांच्या आधाराने वाट काढतात. ढग खाली आले की तारे दिसत नाहीत, थवे खाली उतरतात आणि अशा वेळी खालून वर मारलेला झोत दिसला की त्यात अडकतात. बाहेर पडायचं सुचत नाही, घिरट्या घालत राहतात. आसाममधल्या जतिंग्याचं नाव ऐकलं असेल. पावसाळ्याच्या शेवटी, धुक्याच्या आणि बिनचांदण्याच्या रात्री तिथे पक्षी दिव्यांकडे खाली येतात. त्याला वर्षानुवर्षं पक्ष्यांची आत्महत्या म्हटलं गेलं. आत्महत्या कसली, ती वाट चुकलेली पाखरं.

न्यूयॉर्कला दर ११ सप्टेंबरला ८८ सर्चलाइट आभाळात सोडतात. सात वर्षांतल्या अशा सात रात्रींचा अभ्यास २०१७ मध्ये छापून आला. सुमारे ११ लाख पक्ष्यांवर परिणाम झाल्याचा अंदाज होता. मला त्यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. दिवे मालवले की काही मिनिटांत पक्षी पांगून मार्गाला लागत होते. तुमचे नावावरचे दोन दिवे आधी धरा. पक्ष्यांच्या दृष्टीने तेच घातक.

सिडकोकर | ९ जून, रात्री ११:०२

वाचतोय. आमच्याकडेही पाटीवर असेच दिवे आहेत.

पाऊलवाट | ९ जून, रात्री ११:३५

मी थोडं वेगळं बोलणार आहे, राग मानू नका. मी नर्स आहे. दुसऱ्या पाळीवरून सुटून पाथर्डी फाट्याला उतरते तेव्हा अकरा वाजलेले असतात. तिथून घर बारा मिनिटं. मधल्या पट्ट्यातले दोन दिवे मागच्या वर्षी महिनाभर बंद होते तेव्हा मी रोज घरच्यांशी फोनवर बोलत चालायचे, एका हातात किल्ली धरून. नवरंग सुंदर आहे, वाचला याचा मलाही आनंद आहे. पण "दिवे कमी करा" हे वाक्य ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. हे बोलणारे बहुतेक लोक रात्री गाडीतून घरी येतात.

मिसळप्रेमी | ९ जून, रात्री ११:४१

पाऊलवाट यांना अनुमोदन. माझी मुलगी क्लासवरून साडेनऊला येते.

वायरमनकाका | १० जून, सकाळी ७:२०

तीस वर्षं खांबावर चढतोय, म्हणून बोलतो. ताई, तुमचा मुद्दा रास्त आहे आणि तो सोडू नका. पण दिवा किती वॉटचा आणि तुम्हाला किती दिसतं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिव्याची काच जमिनीला समांतर असली तर उजेड पायाखाली पडतो. तोच दिवा तिरपा करून समोर मारला की तो डोळ्यात घुसतो, डोळा दिपतो आणि दिव्यामागे उभा असलेला माणूस अजिबात दिसत नाही. रात्री फ्लडलाइटकडे तोंड करून उभे राहा आणि शेजारच्या झाडाखाली कोण आहे ते सांगा. नाही सांगता येणार.

निम्म्या सोसायट्यांत दिवे तिरपे असतात, कारण कमी खांबांत जास्त जागा 'कव्हर' करायची असते. मीही असे बसवलेत, गिऱ्हाईक तसं मागतं. आता विचारलं तर सांगतो की असं नको.

गोदाकाठ, तुमच्या कामाला पैसे लागत नाहीत. फ्लडलाइटच्या दोन्ही कानांचे बोल्ट पान्याने सैल करायचे, तोंड सरळ खाली करायचं, परत आवळायचे. चार दिव्यांना अर्धा तास. मेन बंद करून आणि माणूस लावून करा, स्वतः चढू नका.

दुसरं, रंग. खोक्यावर केल्व्हिन लिहिलेलं असतं. ६५०० म्हणजे निळसर पांढरा, दुकानात त्याला कूल डे लाइट म्हणतात. २७०० किंवा ३००० म्हणजे पिवळसर, वॉर्म व्हाइट. लोक ६५०० उचलतात कारण जास्त झगझगीत वाटतो. किडे मात्र निळ्याकडे जास्त येतात. पूर्वी रस्त्यावर सोडियमचे पिवळे दिवे होते. २०१५ च्या जानेवारीत केंद्राची एलईडी पथदिव्यांची योजना सुरू झाली आणि गावोगावी पांढरे दिवे आले. वीज वाचली ही चांगलीच गोष्ट झाली. पण एलईडी पिवळाही मिळतो, हे कुणी विचारलंच नाही.

पाकोळी | १० जून, सकाळी ९:०५

काका, तुमच्या 'किडे निळ्याकडे येतात' याला जोडून. मी कीटकशास्त्र शिकतेय.

किडा दिव्यावर प्रेम करतो, जीव ओवाळून टाकतो, हे कवितेत ठीक आहे. २०२४ मध्ये एक अभ्यास आला, त्यात वेगवान कॅमेऱ्यांनी दिव्याभोवतीचे किडे टिपले. उडणारा किडा आपली पाठ उजेडाकडे ठेवतो. कोट्यवधी वर्षं रात्रीसुद्धा जमिनीपेक्षा आभाळच उजळ होतं, म्हणून पाठ उजेडाकडे ठेवली की पोट आपोआप खाली आणि उडणं सरळ. आता शेजारी दिवा आला. बिचारा पाठ दिव्याकडे करतो आणि सारखा वळत राहतो, म्हणून घिरट्या. दिवा खालून वर मारलेला असेल तर तो हवेतच उलटा होतो आणि कोसळतो. म्हणजे गोदाकाठ यांचे नावाच्या पाटीवरचे दिवे पक्ष्यांइतकेच किड्यांनाही वाईट.

बरं, सुपलीभर पंखांत सगळी उधई नसते. जूनच्या पहिल्या पावसात उधईचे पंखवाले किडे निघतात, ते खूप दिसतात. पण त्यात पतंगही असतात, आणि रातराणी, निशिगंध यांसारख्या रात्री दरवळणाऱ्या फुलांवर येणारी गिऱ्हाइकं तीच. स्वित्झर्लंडमध्ये कुरणांत मुद्दाम दिवे लावून पाहिलं तेव्हा रात्रीच्या कीटकांच्या फुलांवरच्या फेऱ्या ६२ टक्क्यांनी घटल्या. इंग्लंडमध्ये रस्त्याकडेच्या झुडपांत दिव्याखाली पतंगांच्या अळ्या अंधाऱ्या भागापेक्षा ४७ टक्के कमी सापडल्या, आणि पांढऱ्या एलईडीखाली सोडियमपेक्षा जास्त नुकसान दिसलं.

अळ्या कमी झाल्या तर काय बिघडलं, असं कुणी विचारायच्या आत सांगते. शिंपी, दयाळ, चिमणी, सगळे पिलांना अळ्या-किडेच भरवतात. दाणे खाणारी चिमणीसुद्धा.

द्राक्षबाग | १० जून, दुपारी १:१५

निफाड तालुक्यातून लिहितोय. तुम्ही किडे वाचवायला निघालात, आम्ही किडे मारायला दिवे लावतो. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात आणि कडुलिंबावर, बाभळीवर बसतात. तिथं प्रकाश सापळा लावायचा, खाली रॉकेलमिश्रित पाण्याचं घमेलं. एक मादी मेली तर पुढच्या किती अळ्या उसाच्या मुळाला लागायच्या राहतात, याचा हिशोब आम्ही करतो.

आणि बिबट्या. आमच्याकडं ऊस आहे, ऊस तिथं बिबट्या. वीज रात्रीची आली की मोटार चालू करायला बाप्यालाच जावं लागतं. वस्तीवर दिवा असावा असं वन खात्याचीच माणसं सांगतात. शहरातल्या लोकांनी अंधाराचं कौतुक जरा जपून करावं.

रातवा | १० जून, दुपारी २:०८

@द्राक्षबाग, तुमच्याशी भांडण नाहीच. बिबट्याच्या भागात गोठ्यापाशी आणि दारापाशी दिवा हवाच. विचारतो एवढंच, सापळा रात्रभर ठेवता की काही तास?

द्राक्षबाग | १० जून, रात्री ८:३०

काही तासच. भुंगेरे दिवस मावळल्यावर निघतात, दोन-तीन तासांत काम होतं. रात्रभर ठेवला तर मित्रकिडेही मरतात, असं कृषी सहायकांनी सांगितलं होतं. तसं बघितलं तर तुमचंच म्हणणं झालं हे. गरज तेवढा वेळ, गरज तिथं.

आता मला पक्षी आवडत नाहीत असं समजू नका. नांदूर मध्यमेश्वर आमच्या उंबऱ्यावर आहे. २०२० मध्ये त्याला रामसरचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा दर्जा जाहीर झाला, महाराष्ट्रातलं पहिलं रामसर. थंडीत थापटे, तलवार बदकं, चक्रवाक, सगळं येतं. आणि आमचे वारकरी! काळं अंग, कपाळावर पांढरा टिळा, पाण्यात दिंडी चालल्यागत.

मिसळप्रेमी | १० जून, रात्री ८:४४

वारकऱ्यांच्या वाटेवर फ्लडलाइट नकोत, या मागणीला मी सही करतो. टाळ घेऊन येतो.

जुनं_पंचवटी | १० जून, रात्री ९:५०

थोडं अवांतर होईल, पण राहवत नाही. माझं बालपण पंचवटीत, सत्तरच्या दशकात. उन्हाळ्यात आख्खा वाडा गच्चीवर झोपायचा. आजी ध्रुव दाखवायची, सप्तर्षी दाखवायची, आणि आकाशगंगा दाखवायला बोट लागायचं नाही, ती नुसती होतीच डोक्यावर. तपोवनाच्या बाजूला काजवे दिसायचे, आम्ही मुठीत धरून आणायचो आणि आजी सोडायला लावायची. माझ्या नातवाने काजवा फक्त मोबाइलवर पाहिला आहे. त्याला दाखवायला मागच्या वर्षी भंडारदऱ्याला घेऊन गेलो. रस्ताभर गाड्यांचे दिवे, झाडाखाली मोबाइलचे टॉर्च. तो म्हणाला, "आजोबा, काजवे कुठले आणि टॉर्च कुठले?" मी काही बोललो नाही.

पाकोळी | १० जून, रात्री १०:१०

आजोबा, त्याचा प्रश्न काजव्यांनाही पडतो. नर उडता उडता लुकलुकतो, मादी खाली बसून उत्तर देते. प्रत्येक जातीची लय ठरलेली. मध्ये टॉर्च आला की उत्तर दिसत नाही, जोडी जमत नाही. प्रौढ काजव्याचं आयुष्य काही दिवसांचं ते काही आठवड्यांचं. त्यातली एक रात्र वाया जाणं त्याला परवडत नाही. जायचंच असेल तर गाडी लांब लावून, दिवे मालवून, डोळे अंधाराला सरावेपर्यंत गप्प बसायचं. वीस मिनिटांनी झाड दिसायला लागतं.

तारांगण | १० जून, रात्री ११:२०

जुनं_पंचवटी, तुमची आकाशगंगा गेलेली नाही, झाकली गेली आहे. वर गेलेला उजेड धुळीवर, बाष्पावर विखुरतो आणि निळा जास्त विखुरतो. त्र्यंबकच्या रस्त्याने पुढे जाऊन मागे वळून पाहा, नाशिकवर पांढुरकी घुमटी दिसते. पौर्णिमेचं चांदणं जेमतेम पाव लक्स भरतं. पतंगांचं, घुबडांचं, रातव्याचं (पक्ष्याचं, आपल्या सभासदाचं नव्हे) सगळं जगणं त्या मापाला बेतलेलं आहे.

आपल्याच राज्यात पेंच व्याघ्र प्रकल्पाला २०२४ मध्ये डार्क स्काय पार्कचा, म्हणजे रात्रीचं काळं आभाळ जपणाऱ्या जागेचा दर्जा मिळाला, भारतातला पहिला. तिथल्या गावांत दिवे बंद नाही केले. झाकणवाले, खाली पाहणारे दिवे बसवले. तुम्हाला मीटिंगमध्ये दाखवायला हे उदाहरण उपयोगी पडेल.

सिडकोकर | ११ जून, सकाळी ८:१५

मग लाल दिवे लावायचे का? कुठेतरी वाचलं की किड्यांना लाल दिसत नाही.

वायरमनकाका | ११ जून, सकाळी ८:५०

पार्किंगमध्ये लाल दिवा लावला तर तुमची गाडी कुठल्या रंगाची तेच कळणार नाही. पिवळा पुरे. झाकण, खाली तोंड आणि वेळ आधी सांभाळा, रंग त्यानंतर. ६५०० चा दिवा वेळेवर बंद होणं हे २७०० चा रात्रभर जळण्यापेक्षा बरं.

तपोवन | ११ जून, दुपारी १२:३०

सोसायटीपुरतं बोलताय, ते ठीकच. पण २०२७ चा सिंहस्थ डोळ्यासमोर आहे. २०१५ नंतरची ही पर्वणी. लाखो भाविक, घाट, साधुग्राम, रस्ते, सगळीकडे दिवे लागणार आणि लागलेच पाहिजेत, गर्दीच्या ठिकाणी अंधार म्हणजे चेंगराचेंगरीला आमंत्रण. माझी कळकळ वेगळी आहे. मेळ्यासाठी लावलेले दिवे मेळा संपल्यावर काढणार कोण? नदीकाठची झाडं उजळायला लावलेले झोत कायमचे राहतात. तिथे गायबगळे, पाणकावळे रात्रथाऱ्याला बसतात. त्यांना झोप नको का? ही मागणी कामं व्हायच्या आधी प्रभागात लेखी गेली पाहिजे. घाटाच्या पायऱ्यांवर हवा तेवढा उजेड, झाडांवर आणि पाण्यावर नको.

पाऊलवाट | ११ जून, रात्री ११:५५

आत्ताच घरी आले. काकांचं वाचून आज मुद्दाम निरखलं. आमच्या कोपऱ्यावर एका दुकानाने रस्त्याकडे फ्लडलाइट मारला आहे. त्याच्या समोरून येताना खरंच पुढचं काही दिसत नाही. आज तिथे दोन मुलं गाडीवर बसली होती, मला ती दोन पावलांवर गेल्यावर दिसली. पुढच्या खांबाचा दिवा कमी उजेडाचा आहे, पण खाली पडतो, तिथे समोरच्याचा चेहरा स्पष्ट दिसतो. रोज चालते, पण हा फरक मला कधी कळला नव्हता.

तरी माझ्या अटी लिहून घ्या. गेट, जिना, लिफ्टसमोरची जागा आणि पार्किंगमधून दारापर्यंतची वाट, इथला दिवा रात्री कधीही पूर्ण बंद होता कामा नये. सेन्सर लावायचा तर मंद उजेड कायम ठेवून माणूस आल्यावर वाढणारा लावा. काळोखातून चालत गेल्यावर लागणारा नको. आणि ठरवताना रात्री येणाऱ्या बायकांना विचारा. गच्चीवरची रोषणाई खुशाल काढा, तिच्यामुळे मला आजवर कधी सुरक्षित वाटलेलं नाही.

गोदाकाठ | १५ जून, रात्री १०:३०

मीटिंग झाली. अडीच तास. पाऊलवाट, तुमच्या अटी मी शब्दशः वाचून दाखवल्या आणि त्यामुळेच विषय पुढे सरकला. कारण "पक्ष्यांसाठी अंधार करणार का?" हाच पहिला प्रश्न आला होता. दुसरी मदत खजिनदारांची झाली. मी हिशोब मांडला, ८०० वॉट गुणिले ११ तास म्हणजे रात्रीला ८.८ युनिट, महिन्याला २६४. त्यांनी चष्मा काढून तो आकडा परत विचारला.

ठरलं ते असं. नावावरचे दोन दिवे काढायचे, त्याऐवजी पाटीच्या वरून खाली पडणाऱ्या पिवळ्या पट्ट्या, रात्री दहापर्यंतच. झाडांकडचे दोन सरळ खाली वळवायचे आणि अकराला बंद, टायमर लावून. पार्किंगला ३००० केल्व्हिन, झाकणवाले, मंद-तेज होणारे. गेट आणि जिना रात्रभर चालू. हे सगळं तीन महिन्यांच्या बोलीवर. एका काकांनी विरोध नोंदवून घ्यायला लावला, "चोरी झाली तर जबाबदार कोण", आणि त्यांची काळजी मला खोटी वाटत नाही. त्यांच्याच सांगण्यावरून मागच्या कुंपणाला एक सेन्सरचा दिवा वाढवला.

वायरमनकाका | १६ जून, सकाळी ७:०५

टायमरला बॅटरी बॅकअप आहे ना बघा. लाइट गेली की साध्या टायमरची वेळ मागे पडते आणि दिवे भलत्याच वेळी लागतात.

गोदाकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:४८

धागा वर काढतेय. तीन महिन्यांचे चार झाले, दिवे तसेच आहेत. चोरी झाली नाही. मावशी म्हणतात सुपली आता दोन दिवसांतून एकदा भरते, तीही पार्किंगच्या दिव्याखालची. विरोध केलेल्या काकांना मागच्या दिव्याने दोनदा मुंगूस दाखवलं, ते आता ग्रुपवर त्याचे फोटो टाकतात.

शेजारच्या इमारतीचे झोत मात्र अजून आभाळात आहेत. त्यांच्या सेक्रेटरींना भेटायला आमचे खजिनदार स्वतः जाणार आहेत, वीजबिल घेऊन.

आज लिहायचं कारण वेगळं. अकरानंतर गच्चीवर गेले होते. पहिल्यांदाच तिथे काळोख होता म्हणून थांबले. डोक्यावरून आवाज गेला, खूप उंचावरून, पुष्कळ जणांचा, नदीच्या खालच्या अंगाला, निफाडच्या दिशेने. दिसलं काहीच नाही.

रातवा | ११ ऑक्टोबर, रात्री ११:५३

कसा होता आवाज? शिट्टीसारखा की घोगरा? रेकॉर्ड केलात का?

गोदाकाठ | ११ ऑक्टोबर, रात्री ११:५६

सुचलंच नाही. शिट्टीसारखा वाटला. फोन घेऊन परत वर चाललेय.

द्राक्षबाग | १२ ऑक्टोबर, पहाटे ५:४०

मोटार बंद करायला बाहेर आलोय. शिट्टीवाली असतील तर आमच्याकडं पोचली असतील. उजाडलं की धरणावर जाऊन बघतो आणि लिहितो.